फिनलंडची फौज आणि तेलकट लिफाफा

गेल्या सप्टेंबरात मी फिनलंडच्या लष्कराचा इतिहास वाचायला घेतला. वय एकाहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकायची वाट बघत बसलेला, आणि मुक्काम सौदीतल्या जुबैलला, लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात. खिडकीतून कंपन्यांच्या उंच नळकांड्यांवरची ज्योत दिसते. तेव्हा बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत मी बर्फातल्या लढाया वाचत होते. एसीमुळे पाय गार पडले की वाटायचं, वाचनाचाच परिणाम.

लेक इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ड्यूटीवरून आली की पर्स टाकता टाकता विचारायची, "काय जनरलसाहेब, आज कुठवर पोचली फौज?"

"नॉर्वेच्या डोंगरात अडकलीय. हिमवादळ आहे."

"मग जेवायचं काय?"

"ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यायचं. युद्ध चालू आहे."

ती हसायची. मी पण हसायची. पण मला हे वाचायला लावणारी गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

माझा मुलगा वीसेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी फिनलंडला गेला तो तिथलाच झाला. नातू तिथेच जन्मला. तिथला पासपोर्ट, तिथली शाळा, तिथलीच भाषा. माझ्याशी बोलायला तो मराठी वापरतो, पण ती सणासुदीला ठेवणीतले कपडे काढावेत तशी, जरा घट्ट झालेली. त्या देशात मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरी पत्र येतं. तपासणीला या, आणि सांगा, सैन्यात कधी येता. सहा महिने, फार तर वर्षभर. बंदूक नको असेल तर तसं सांगायची सोय आहे. मग वाचनालयात नाही तर म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायचं. म्हणजे निवड पोराची, आणि आमच्या पोराने निवडलं सैन्य. जानेवारीत जायचं होतं.

सुनेचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "आई, तुम्ही बोला त्याच्याशी. तो फक्त तुमचं ऐकतो. जायच्या आदल्या दिवसापर्यंत बदलता येतं म्हणे, नुसता अर्ज करायचा असतो. पण हा ऐकतच नाही. शेजारी रशिया, आई. तुम्हाला माहितेय ना नकाशा?"

"आणि तो काय म्हणतो? तुझा नवरा?"

"ह्यांना तर आनंद झालाय. पोराचे बूट पण आत्तापासून बघून ठेवलेत."

ते ऐकून माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. कारण माझ्या मुलाला का आनंद झालाय, हे त्या घरात नीट कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं.

तरी मी सुनेला म्हटलं, "तू काळजी करू नको. मी त्याला असं काही सांगते की तो स्वतःहून नाही म्हणेल." ही माझी जुनी खोड. लोकांची आयुष्यं आपल्या पदराला बांधून ठेवायची आणि वर त्याला काळजी म्हणायचं.

म्हणून हे वाचन. इतकी माणसं मेली असतील एखाद्या फौजेत, तर पोराला घाबरवायला काहीतरी सापडेलच असा हिशोब. आणि सापडलं की! हा देश शेकडो वर्षं स्वीडनच्या राज्यात होता, आणि स्वीडनच्या राजांच्या लढाया लढायला ही पोरं कुठे कुठे जायची. एकदा तर राजाच मेला, आणि फौजेला डोंगर ओलांडून परत यायचं होतं. मध्येच हिमवादळ सुटलं. माणसं उभ्या उभ्या गोठली.

मी नातवाला व्हिडिओवर हे सगळं रंगवून सांगितलं. हातवारे केले, आवाज कापरा केला.

तो म्हणाला, "आजी, त्यांच्याकडे वेदर अ‍ॅप नव्हतं."

"अरे, हजारो माणसं!"

"आय नो. आम्हाला शाळेत होतं. तू सॉसेजचं वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. मग त्यानेच सांगितलं. एकोणीसशे एकोणचाळीसच्या हिवाळ्यातल्या त्या प्रसिद्ध युद्धात रशियाचे शिपाई चालून आले, आणि वाटेत त्यांना या लोकांचं स्वयंपाकाचं ठाणं लागलं. मोठ्या भांड्यात सॉसेजचं सूप शिजत होतं. उपाशी पोरं ती. लढाई सोडून सूप प्यायला थांबली, आणि तेवढ्यात या लोकांनी परत फिरून हल्ला केला.

"बिचारी," मी म्हटलं.

"आजी, ते एनिमी होते."

"उपाशी होती ना? मग बिचारीच."

तो इतका हसला की फोन हलला. आणि जाता जाता म्हणाला, "आमच्याकडे अजून दर गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं आर्मीत. तुला आवडेल." आमच्याकडे, म्हणाला. अजून गेला पण नव्हता.

असं दोन महिने चाललं. मी एखादं मरण शोधून काढायची आणि तो त्यातून काहीतरी जिवंत काढून मला परत द्यायचा. शेवटी तर माझंच अवघड व्हायला लागलं. एका पानावर वाचलं की जुन्या काळी तिथे पाच-सहा शेतकऱ्यांची घरं मिळून एक शिपाई पोसायची. त्याला एक झोपडी द्यायची, तुकडाभर जमीन द्यायची. बदल्यात तो लढाईला जाणार आणि बाकीच्यांची पोरं घरी राहणार. त्याला नवं, छोटंसं नाव द्यायचे, कारण गावात एकाच नावाची माणसं फार. आणि तो मेला की त्याच्या बायकोने झोपडी रिकामी करायची. नवा शिपाई येणार असायचा.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. आमच्या वाडीतून आम्ही दोघं नवरा-बायको सौदीला आलो तेव्हा असंच तर होतं. पाच घरांमागे एक जण गल्फला, बाकीचे घरी. मला इथल्या वॉर्डात बावीस वर्षं कुणी नावाने हाक मारली नाही, मी सगळ्यांची सिस्टर. आणि हे प्लॅन्टवर असतानाच गेले, तेव्हा कंपनीचं क्वार्टर सोडायला मला किती दिवस मिळाले ते मी इथे लिहीत नाही. मग मी हॉस्पिटलच्या हॉस्टेलात राहिले, साठाव्या वर्षी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, आणि आता व्हिजिट व्हिसावर आईसाहेब म्हणून येते. ज्या गावात इतकी राबले तिथून दर तीन महिन्यांनी जावई मला पुलावरून बहरीनला नेतो आणि परत आणतो, शिक्का ताजा करायला.

पण मुद्दा माझ्या मुलाचा.

तो पाचवीत-सहावीत असताना इथे आखाती युद्ध झालं. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. सायरन झाला की चौघंही न्हाणीघरात, दाराच्या फटीला ओला टॉवेल. मी मुलांना घट्ट धरून नुसती पुटपुटत होते. आणि तो? तो मोजत होता, सायरन किती सेकंद वाजतो. दिवसा शाळेच्या बसमधून जाताना लष्करी ट्रकांची रांग दिसली की उभा राहून सलाम ठोकायचा. मी म्हणायची, आपण मुलांना सुरक्षित ठिकाणी आणलं. आणि याच सुरक्षित ठिकाणी त्याला फौजेचं वेड लागलं.

दहावी झाल्यावर तो पुण्याला हॉस्टेलात गेला आणि मला न विचारता लष्करी अधिकाऱ्यांच्या भरतीची लेखी परीक्षा देऊन पास पण झाला. आता मुलाखतीचं पत्र येणार होतं. पत्ता त्याने कायमचा म्हणून गावचा दिला होता.

गावी माझ्या सासूबाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी एक नियम केला होता: सिंहाचं चित्र असलेला लिफाफा म्हणजे सौदीचा. आणि त्यांचं चुकीचं कसं म्हणू? पासपोर्ट, शिक्के मारलेली सर्टिफिकेटं, ना हरकत दाखले, वर्षानुवर्षं सरकारी म्हणून जे काही घरात आलं ते आम्हालाच पाठवायचं होतं. ते पण पोस्टाने नाही. पोस्टाला किती दिवस लागतील कुणी सांगावं? आमच्याकडचं माणूस सौदीला निघालं की त्याच्याबरोबर द्यायचं. तशी सगळ्यांचीच पद्धत. तर मुलाचं पत्र पुण्यापासून पाच तासांवर, गावी आलं, आणि सासूबाईंनी ते आंब्याच्या लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेल्या फडक्यात खोचून, रियाधला बत्ह्याच्या बाजारात दुकान असलेल्या रत्नागिरीकडच्या एका चाचांच्या हवाली केलं. चाचांनी ते जुबैलला येणाऱ्या टॅक्सीतून पाठवलं. बरणी वाटेत जरा झिरपली होती.

मी फडकं सोडलं, लिफाफा पुसला, उघडला. भोपाळला हजर राहायची तारीख आठ दिवसांवर होती.

आता त्या बाईकडे बघा जरा. बेचाळीस वर्षांची, बॉबकट केलेली, वॉर्डची इन-चार्ज, इंग्रजीत खटाखट रिपोर्ट देणारी. तीन देशांच्या नर्सेस तिला घाबरायच्या. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर तोंडावर सांगायची. कोपऱ्यावर टेलिफोनची केबिन होती आणि पुण्यात हॉस्टेलसमोर एसटीडी बूथ. तिने काय करावं?

पहिल्या दिवशी तिने लोणचं बरणीतून काढून काचेच्या भांड्यात भरलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज बूथ बंद असेल. तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की हॉस्टेलचा रेक्टर फार उद्धट आहे, उगाच पोराला बोलेल. चौथ्या दिवशी ड्यूटी. पाचव्या दिवशी नवऱ्याला सांगायचं ठरवलं, पण प्लॅन्टवर शटडाऊनचं काम चाललं होतं, ते बारा तासांची शिफ्ट करून आले आणि ताटावरच झोपले. सहाव्या दिवशी तिने हिशोब केला की आता सांगितलं तरी रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळणार नाही. आठव्या दिवशी तिने मोठा श्वास सोडला आणि स्वतःशीच म्हणाली, आता इतक्या लांबून मी काय करणार?

शहाणीच ती. असहाय असल्याचं असं सोंग मी नंतर कुणाचं पाहिलं नाही, आणि मी बायकांच्या वॉर्डात काम केलंय.

मुलगा वाट बघत राहिला. मग त्याने स्वतः चौकशी केली, तेव्हा कळलं की पत्र केव्हाच पाठवलं होतं आणि तो गैरहजर होता. त्याने पोस्टाला शिव्या घातल्या. सुट्टीत गावी गेला तेव्हा पोस्टमनशी दारात भांडला. पोस्टमन म्हातारा, सायकलवाला. परत परत एकच सांगत होता, "मी दिलंय रे बाबा. म्हातारीच्या हातात दिलंय." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, माझ्या हातात शंभर लिफाफे देतो, मला काय वाचता येतं? मी पण सुट्टीवर तिथेच होते, ओटीवर तांदूळ निवडत. तोंडातून एक शब्द काढला नाही. तेव्हापासून आमच्या घरी त्या माणसाला कुणी चहा विचारला नाही. तो पत्र टाकून अंगणातूनच परत जायचा.

आणि पुढची इतकी वर्षं, मुलाने कधीही पोस्टाचा विषय काढला की मी सगळ्यात मोठ्याने म्हणायची, "कामचोर मेले!"

लिफाफा मात्र फाडला नाही. का, ते विचारू नका. माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये आहे. एका कोपऱ्याला तेलाचा डाग, त्यातून पलीकडची अक्षरं दिसतात.

नोव्हेंबरच्या शेवटी मी नातवाला सरळच विचारलं, "खरं सांग. तुला का जायचंय?"

तो म्हणाला, "बाबांमुळे."

"बाबा जा म्हणाले?"

"नाही गं. बाबा काहीच म्हणत नाहीत. पण त्यांचं लेटर कधी आलंच नाही ना. माझं आलं तर ते हातात घेऊन दोनदा वाचलं त्यांनी. त्यांना फिनिश नीट येत पण नाही. तरी दोनदा. मग मी ठरवलं."

मी तेव्हा काय विचार केला ते लिहिते, कारण लपवायचं म्हटलं तर एवढं लिहायचं कशाला. मला बाप-लेकाचं काही वाटलं नाही. मला वाटलं, सापडलं! हा बापाच्या न आलेल्या पत्रासाठी निघालाय. ते पत्र आलं होतं हे कळलं की याच्या जाण्यातला जीवच जाईल. दोन महिने मी गोठलेले शिपाई शोधत होते आणि खरा दारूगोळा माझ्याच फाइलमध्ये होता.

म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. बरणी, फडकं, आठ दिवस. फाइल आणून लिफाफा कॅमेऱ्यासमोर धरला.

तो हसेल असं वाटलं होतं. मी लोणच्यापाशी आले तेव्हा हसलाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बापासारखा झाला, सायरन मोजणाऱ्या मुलासारखा.

"आजी, बाबांना माहितेय?"

"नाही."

"यू हॅव टू टेल हिम."

"बघू. आधी तू सांग, आता तरी नाही ना जाणार?"

"मी जाणारच आहे. त्याचा काय संबंध?" मग आवाज न चढवता म्हणाला, "मी निघायच्या आधी तू बाबांना सांगायचं. नाहीतर मी सांगणार. आणि मला तुझं सिक्रेट ठेवायचं नाहीये, प्लीज."

इन-चार्ज सिस्टरला कुणी अशी ऑर्डर दिली नव्हती. मी "बरं" म्हटलं.

पुढचे दिवस मी काय केलं? एक दिवस मुलाला मीटिंग असेल. एक दिवस त्याला सर्दी. एक दिवस मला बहरीनला जायचं होतं, शिक्क्यासाठी. पुलावरच्या रांगेत गाडी थांबली होती, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि मी बोटांवर मोजत होते की आज कितवा दिवस. पाचवा निघाला. मला माझीच इतकी शिसारी आली की मी जावयाला म्हटलं, "जरा फोन लावून द्या. आत्ता. फिनलंडला."

"मम्मी, पलीकडे गेल्यावर लावू की."

"आत्ता."

मुलाने उचलला. मी सांगितलं. जावई समोर बघत गाडी तसूतसूने पुढे नेत राहिला, बिचाऱ्याला कान बंद करायची सोय नव्हती. मी सांगून संपवलं तरी पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"अरे, आहेस का?"

"आहे."

मग त्याने विचारलं, "तारीख कुठली होती?"

मी सांगितली. पाठ होती.

"त्या आठवड्यात मी रोज दुपारी त्या बूथवर जाऊन गावी फोन लावायचो," तो म्हणाला. "शेजारच्यांकडे. पत्र आलं का म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. सासूबाईंनी नाही म्हणूनच सांगितलं असणार. त्यांच्या हिशोबी जे आलं होतं ते सौदीचं होतं.

"ठेवतो आई," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. शिक्का मारणाऱ्याने माझ्याकडे बघून पासपोर्टवरच्या फोटोकडे बघितलं, दोनदा. रडताना माणूस वेगळं दिसतं.

त्यानंतर दोन महिने त्याचा फोन नाही. मी लावला तर उचलायचा नाही. सून बोलायची, तुटक. नातू जानेवारीत गेला. मला निरोप पाठवला, "डोन्ट वरी. थर्सडेला सूप." लेक मला काही विचारत नव्हती, तिला जावयाने सांगितलं असावं. "फौज कुठवर पोचली," हे विचारायचंही तिने सोडलं. आणि मी वाचायचं सोडलं. आता घाबरवायला कुणी उरलं नव्हतं. बातम्या मात्र बघत होते, सरहद्दीच्या, रोज. बघून करणार काय? तिथे उणे वीस, इथे मी खिडकीशी उन्हात खुर्ची टाकून बसलेली, आणि यावेळी कोपऱ्यावर कुठली केबिन नव्हती की जिथून एक फोन केला तर काही बदललं असतं.

मग एके दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर त्याचा चेहरा नाहीच. बर्फाने पांढरं झालेलं मोठं मैदान, आणि त्यावर पोरांच्या रांगाच रांगा. सगळे एकसारखे, एकाच रंगाचे, टोप्या कानांवर. शपथविधी होता. वाऱ्याने फोन फडफडत होता. कुणीतरी काहीतरी म्हणायचं आणि ती सगळी पोरं एका आवाजात त्यामागून म्हणायची. मला एक अक्षर कळलं नाही.

मी लेकीला हाक मारली. दोघी डोळे फाडून बघत होतो.

"कुठला रे आपला?" मी विचारलं.

कॅमेरा रांगेवरून हळूहळू सरकत गेला, टोकापर्यंत, आणि परत. त्याला पण सापडत नव्हता, का सांगायचं नव्हतं, कोण जाणे. मी पुन्हा विचारलं नाही. पोरं चालायला लागली, सगळ्यांचे पाय एकदम. एका पोराची चाल मला ओळखीची वाटली, मी "तो, तो!" म्हणाले, आणि तेवढ्यात तो इतरांत मिसळून गेला.

शेवटी मुलाचा आवाज आला. फोन तसाच मैदानाकडे धरलेला.

"आई."

"बोल रे."

"तुझा व्हिसा कधी संपतोय?"

"मार्चअखेर. मग गावी जाईन."

"पोस्टमन गेले, मला कळलं. पण त्यांचा मुलगा आहे. स्टॅण्डसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं." मग म्हणाला, "त्याच्याकडे जायचं तू. पत्र घेऊन. जसं मला सांगितलंस तसं सगळं सांगायचं."

"तू येशील बरोबर?"

"नाही," तो म्हणाला. मग वाऱ्याचा मोठा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

मार्च आता जवळ आलाय. बॅग अर्धी भरली आहे, फाइल सगळ्यात वर. लेक म्हणते, त्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जाशील, काहीतरी घेऊन जा. खजूर नेईन म्हणते, इथले, चांगले. त्याला काय बोलायचं ते अजून ठरत नाही. रोज एक वाक्य जुळवते आणि दुसऱ्या दिवशी मोडते. लोणचं न्यायचं नाही, एवढंच ठरलंय.